दौंडला किती?

जून सरून जुलै लागला की अण्णांचा रोज संध्याकाळी फोन येतो. माझ्या प्रकृतीची किंवा नातवंडांच्या शाळेची चौकशी होण्याआधी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दौंडला किती हाय रं?" मी तोवर त्या दिवसाचा आकडा पाहून ठेवलेला असतो. पंधरा हजार म्हटले तर ते नुसते "हं" म्हणतात, चाळीस हजार म्हटले तर शेजारी बसलेल्या कुणाला तरी मोठ्याने सांगतात, आणि आकडा लाखाच्या जवळ गेला की फोन कानाला तसाच ठेवून क्षणभर गप्प राहतात. करमाळा तालुक्यातील आमच्या गावात, भीमेच्या फुगवट्याच्या काठावर, पावसाळ्यातील निम्मे संभाषण या एका प्रश्नाभोवती फिरते. आमच्याकडे पाऊस पडतो की नाही, याला फारसा अर्थ नसतो. सोलापूर जिल्ह्याची वर्षाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही पाऊस मनाला येईल तेव्हा येतो. आमचे पाणी पडते ते भीमाशंकरला, लोणावळ्याला, मुळशीला, पानशेत-वरसगावच्या डोंगरांत. तेथील धरणे भरून वाहू लागली की मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी, भामा अशी सारी पाणी भीमेत येतात आणि दौंडजवळच्या मोजणीत क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला किती घनफूट या मापाच्या, रूपाने आम्हाला कळतात. तेथून पुढे ते पाणी उजनी धरणाचे.

मी आता सोलापुरात राहतो. म्हणजे धरणाच्या वरच्या अंगाला जन्मलो आणि खालच्या अंगाला संसार मांडला. या दोन ठिकाणांहून एकच जलाशय इतका वेगळा दिसतो, की कधीकधी दोन निराळ्या धरणांविषयी बोलणे चालले आहे असे वाटावे. ही गोष्ट लिहून ठेवावी असे बरेच दिवस मनात होते.

सुरुवात शून्यापासून करावी लागेल. धरणात शून्य टक्के पाणी म्हणजे धरण कोरडे, असे बाहेरच्या माणसाला वाटते. उजनीचे शून्य तसे नाही. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, त्यांपैकी ५३.५७ टीएमसी हा उपयुक्त साठा आणि ६३.६६ टीएमसी हा मृतसाठा. म्हणजे निम्म्याहून अधिक पाणी मृत या सदरात जाते. दररोज जाहीर होणारी टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची असते. त्यामुळे शून्य टक्के असे वर्तमानपत्रात छापून येते, त्या दिवशीही धरणात ६३ टीएमसीहून अधिक पाणी उभे असते. पाणी त्याखाली उतरू लागले की वजा एक, वजा दोन असे मोजत जायचे. आमच्याकडे त्याला "उजनी मायनसमध्ये गेली" म्हणतात, आणि पावसाळ्यात ती "प्लसमध्ये आली" की पेढे वाटणारी माणसेही मी पाहिली आहेत.

हा शून्याचा दगड कोठे रोवायचा, हे नदीने ठरवलेले नाही; ते धरणाच्या आखणीत ठरले. कालव्यांची तोंडे ज्या उंचीवर ठेवली, की जेथून पाणी आपल्या उताराने दूरवरच्या शेतापर्यंत जावे, त्या उंचीखालचे पाणी हिशेबाबाहेर राहिले. गाळ साचायला जागा हवी, तीही त्याच खालच्या पोटात. १९६६ साली यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९८० साली काम पूर्ण झाले, तेव्हाची गरज आणि तेव्हाचे अंदाज पाहता ही आखणी समजण्यासारखी आहे. मात्र उथळ, पसरट खोऱ्यात बांधलेल्या या धरणाचा सगळा उपयुक्त साठा जेमतेम सहा मीटरच्या थरात मावतो. सोलापूरच्या एप्रिल-मेमधील उन्हात एवढ्या विस्तीर्ण पृष्ठभागावरून किती पाणी आकाशात जात असेल, हे दुपारी काठावर उभे राहिलेल्या माणसाला आकड्यावाचूनही कळते.

२०२३ सालचा पावसाळा आम्हाला चांगलाच आठवतो. त्या वर्षी धरण साठ टक्क्यांच्या फारसे पुढे गेलेच नाही. जानेवारी २०२४ मध्येच ते शून्यावर आले आणि त्यानंतर पाच महिने उतरत उतरत, पावसाळ्याच्या तोंडावर वजा साठपर्यंत गेले. मी एका रात्री कागद घेऊन हिशेब मांडला. साठ टक्के म्हणजे साधारण ३२ टीएमसी. वजा साठ म्हणजेही ३२ टीएमसी. त्या वर्षी जेवढे उपयुक्त पाणी आपल्याला मिळाले, जवळपास तेवढेच पाणी आपण मृतसाठ्यातून काढले. जे पाणी हिशेबात धरलेलेच नाही, त्याने निम्मे वर्ष भागवले. आणि दुसरी गोष्ट त्याहून विलक्षण: वजा साठ टक्क्यांनंतरही धरणात साडेएकतीस टीएमसी पाणी शिल्लक होते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही पुण्याची चारही धरणे काठोकाठ भरली, तरी त्यांचे मिळून २९ टीएमसीच्या आसपास पाणी होते. म्हणजे आमचे रिते धरण हे पुण्याच्या भरलेल्या चार धरणांपेक्षा मोठे.

हा हिशेब मी सोलापुरातील मित्रांना सांगितला, तेव्हा त्यांचा पहिला उद्गार "मग टंचाई कसली?" असा होता. त्याचे उत्तर काठावर गेल्यावर मिळते.

उजनीचा काठ स्थिर नाही. पाणी उतरले की ते एका जागी खाली जात नाही, दूर जाते. सपाट खोऱ्यात एक मीटर पाणी उतरले, तर काठ कित्येक ठिकाणी अर्धा-पाऊण किलोमीटर मागे सरकतो. अण्णांची मोटार ऑक्टोबरमध्ये आमच्या बांधाला लागून असते. फेब्रुवारीत ती चिखलातून पुढे न्यावी लागते. मार्चमध्ये आणखी पाईप जोडावे लागतात. एप्रिलमध्ये केबल अपुरी पडते आणि मग दोन-तीन शेतकरी मिळून चारी खोदतात, पात्रातील पाणी त्या चारीने मागे आणतात आणि तेथून पुन्हा उपसतात. २०२४ च्या मे महिन्यात मी गावी गेलो, तेव्हा अण्णा मला मोटार दाखवायला घेऊन गेले. चालायला निघाल्यापासून पाण्यापाशी पोहोचेपर्यंत चाळीस मिनिटे लागली. वाटेत काळी, भेगाळलेली गाळाची जमीन, वाळलेली जलपर्णी आणि एकाशेजारी एक धावत गेलेले काळे पाईप. कोणता पाईप कोणाचा, हे जोडावर बांधलेल्या रंगीत चिंध्यांवरून ओळखायचे. आमच्या पाईपला आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी होती. त्या मोसमात पाईप आणि केबलवर आमचे जेवढे पैसे गेले, तेवढे त्या उसाने परत केले नाहीत. तरीही अण्णांनी ऊस जगवला, कारण उभे पीक डोळ्यांदेखत वाळू देणे त्यांच्याने होत नाही.

त्याच मे महिन्यात कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान प्रवाशांची बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसे गेली. बाहेरच्या लोकांना प्रश्न पडला होता, की इतक्या कमी पाण्यातही माणसे बोटीने का जातात. करमाळ्याकडच्या काठावरून इंदापूरकडे रस्त्याने जायचे तर कित्येक किलोमीटरचा वळसा पडतो. धरणाने नदी रुंद केली, पण पलीकडे जाणारी माणसे, सोयरिकी, बाजार आणि दवाखाने पूर्वीच्याच जागी राहिले. डिकसळचा ब्रिटिशकालीन रेल्वेपूल धरणामुळे लोहमार्ग हलल्यावर रस्त्यासाठी वापरला गेला, तो इतकी वर्षे या भागाचा आधार होता. जलाशयाच्या नियोजनात काठाकाठाने जगणाऱ्या माणसांचे येणे-जाणे मोजले जात नाही, हे त्या बोटीच्या बातमीनंतर काही दिवस सर्वांना जाणवले. नंतर ती बातमी मागे पडली.

पाणी मागे गेले की जुने गाव वर येते. आमचे गाव १९७० च्या दशकात उठले. अण्णा तेव्हा तरुण होते आणि आजी घराची कर्ती होती. नव्या गावठाणात घरे बांधायला लाकूड, दारे, खिडक्या, चिरे, जे जे काढता आले ते सर्वांनी बैलगाड्यांत घालून वर नेले. न नेता आलेली एक वस्तू आजी शेवटपर्यंत बोलून दाखवत असे, ती म्हणजे स्वयंपाकघराच्या जमिनीत पुरलेले दगडी उखळ. ते फार खोल बसवलेले होते. पहारीने काठ फुटू लागला, तेव्हा आजीनेच थांबवले. वजा तीसच्या आसपास ते उखळ उघडे पडते. पलीकडे पळसदेवला पळसनाथाच्या हेमाडपंती मंदिराचे शिखर पाण्याबाहेर येते, मग मंडप, मग पायऱ्या, आणि माणसे लांबून पाहायला येतात. आमच्या गावाला पाहायला कोणी येत नाही, कारण तेथे मंदिराचा चौथरा, विहिरीचे काठ आणि घरांच्या जोत्यांच्या ओळी याहून अधिक काही नाही. पण गावातील म्हातारी माणसे एकेकटी खाली जातात आणि आपापल्या जोत्यावर बसून येतात. आम्हा धरणग्रस्तांच्या बाबतीत हे फार अवघड आहे, की ज्या वर्षी खालच्या जिल्ह्याच्या तोंडचे पाणी पळते, त्याच वर्षी आम्हाला आमचे घर दिसते. आजी जिवंत असताना तिला एकदा उचलून खाली नेले होते. तिने उखळातील गाळ हाताने काढला, पदराने आतली कड पुसली आणि म्हणाली, "आता जाऊ द्या बुडून, खालची माणसं तान्हेली असत्याल."

उघड्या पडलेल्या गाळावर गाळपेर होते. ओल असेपर्यंत हरभरा, मका, वैरण असे काहीबाही निघते. ज्यांच्या जमिनी बुडाल्या, त्यांना त्याच जमिनीचा वर्षातील तीन-चार महिन्यांचा आधार मिळावा, हा त्यामागील विचार मला योग्य वाटतो. भिगवणच्या बाजारातील चिलापी आणि कटला मासे, उथळ पाण्यावर उतरणारे रोहित पक्षी, त्यांना पाहायला येणारे पर्यटक, हे सारे या उतरत्या-चढत्या काठावरच उभे आहे. उजनीला केवळ टाकी समजणाऱ्या धोरणात या गोष्टी बसत नाहीत.

आता खालच्या अंगाला येतो. मी सोलापुरात आलो, तेव्हा घरमालकिणीने भाड्याच्या आधी पाण्याची टाकी दाखवली आणि पाणी चार-पाच दिवसांआड येते, हे समजावून सांगितले. तेव्हापासून पिंप, घागरी, कळशा यांच्या हिशेबाने आमचे दिवस मोजले जातात. शहराचे पाणी अनेक वर्षे बऱ्याच अंशी नदीतून आले: उजनीतून भीमेत सोडायचे, ते वाहत वाहत शहराच्या दक्षिणेला औज आणि टाकळीच्या भागात येते, तेथील बंधाऱ्यात साठते आणि तेथून शहरासाठी उपसले जाते. सोलापूरच्या एका आवर्तनासाठी, म्हणजे ठरवून एकदा पाणी द्यायचे तर, नदीत पाच-सहा टीएमसी पाणी सोडावे लागते. दिवसाला १७० दशलक्ष लिटर धरले, तर वर्षभराची शहराची गरज सव्वादोन टीएमसीहूनही कमी भरते. हा फरक पाहून कोणाही विचारी माणसाला हळहळ वाटेल. म्हणूनच उजनीपासून सोलापूरपर्यंत ११० किलोमीटरची समांतर जलवाहिनी टाकायचे ठरले आणि बऱ्याच रखडपट्टीनंतर ती टाकली गेली. शहरवासी म्हणून मला त्याचा आनंद आहे. माझ्या पत्नीने पहाटे तीन वाजता नळाला कान लावून काढलेल्या रात्री मी विसरलेलो नाही.

तरीही नदीचे आवर्तन येते तेव्हा काय होते, ते मी पाहिले आहे. एका एप्रिलमध्ये पंढरपूरच्या खाली एका नातलगाकडे गेलो होतो. पात्र कोरडे, मध्ये मध्ये हिरवट डबकी, वाळूत बसलेली जनावरे. संध्याकाळी गावात दवंडीसारखी बातमी फिरली, की पाणी गुरसाळ्याच्या पुढे आले. रात्री आम्ही पुलावर उभे होतो. आधी काहीच दिसेना. मग कोरड्या पात्रातून पाचोळा, फेस आणि काटक्या ढकलत पाण्याची एक जाडसर कड पुढे सरकताना दिसली. तिच्या आवाजात जोर नव्हता. कोणी अंगणात सुपाने धान्य पसरावे तसा तो आवाज होता. डबकी एकमेकांना मिळाली, बंधाऱ्याची फळी चढली, आणि पहाटेपर्यंत विहिरींचे पाणी हलले. नदीकाठच्या मोटारींची वीज त्या दिवसांत दोन-तीन तासांवर आणतात, कारण पाणी शहरासाठी आहे, वाटेत उपसले जाऊ नये. लोक तक्रार करतात, रात्रीतून उपसतातही. आणि तरी त्या पाण्याने काठावरची गावे, त्यांच्या नळयोजना, जनावरे आणि खोल गेलेल्या विहिरी उन्हाळा काढतात. ज्याला आपण वहनव्यय, म्हणजे वाटेत वाया गेलेले पाणी, म्हणून वजा करतो, त्यातील मोठा भाग कोणाच्या तरी तोंडात गेलेला असतो.

म्हणून मला एक प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. भीमेला आजवर उन्हाळ्यात जे पाणी मिळाले, ते सोलापूर शहराच्या नावाने मिळाले. पिण्याचे पाणी सर्वांत वरच्या प्राधान्याचे, म्हणून दार उघडले गेले आणि नदी त्या निमित्ताने वाहिली. आता शहराचे पाणी नळीतून जाणार. मग नदीत पाणी कोणाच्या नावाने सोडायचे? धरणाच्या पाणीवाटपात कालव्याला रकाना आहे, सीना नदीकडे पाणी नेणाऱ्या बोगद्याला आहे, उपसा योजनांना आहे, उद्योगांना आहे. भीमा म्हणून भीमेला स्वतःचा रकाना नाही. आषाढीला चंद्रभागेत वारकऱ्यांच्या स्नानासाठी पाणी सोडतात, तेवढा एक अपवाद. आणि तो लोकांच्या श्रद्धेने मिळवलेला आहे. जलवाहिनीतून वाचणाऱ्या पाण्यावर नव्या योजनांचे हक्क सांगितले जातील, त्याआधी नदीचा वाटा टीएमसीत लिहून ठेवला गेला पाहिजे. किती, हे जाणकारांनी ठरवावे. पण तो कागदावर असला पाहिजे, नाहीतर पुढच्या पिढीला पंढरपूरच्या वाळवंटाला वाळवंट का म्हणतात, याचा वेगळाच अर्थ कळेल.

पाण्याचे वर्षाचे नियोजन १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर बेतायचे असते. मग कालवा सल्लागार समितीची बैठक होते, पालकमंत्री, आमदार, अधिकारी बसतात आणि रब्बीची किती, उन्हाळ्याची किती, अशी आवर्तने ठरतात. ठरते ते सहसा नीटच ठरते. बिघडते ते पुढे, डिसेंबरनंतर, जेव्हा एका भागाचे पीक वाळू लागते, कोणी उपोषणाला बसते, कोणी रास्ता रोको करते, आणि ठरलेल्या तारखेच्या आधी किंवा ठरल्याहून अधिक दिवस पाणी सुटते. आंदोलन करणाऱ्यांना मी दोष देत नाही. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला आवर्तनाच्या शेवटच्या दिवशीही पाणी दिसत नाही, त्याने काय करावे? पण हे करता येते, कारण खाली मृतसाठा आहे हे सर्वांना ठाऊक असते. शून्याला थांबायचेच आहे असे असते, तर ऑक्टोबरमधील निर्णय वेगळे झाले असते. बँकेत मुदतठेव आहे म्हणून चालू खाते बेफिकीरपणे रिकामे करावे, तसे हे होते. फरक इतकाच, की ही ठेव प्रत्येक वर्षी भरून मिळेल याची हमी सह्याद्रीने दिलेली नाही.

उसाविषयी बोलावेच लागेल, आणि मी ऊसवाल्याचा मुलगा म्हणून बोलतो. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने आमच्या जिल्ह्यात आहेत, आणि पाऊस मात्र ज्वारीचा. १९८० च्या दशकात शासनाने आठमाही सिंचनाचे धोरण स्वीकारले होते. मर्यादित पाणी बारमाही पिकाला देण्यापेक्षा आठ महिन्यांत अधिक शेतकऱ्यांत वाटावे, असा त्यातील स्पष्ट विचार होता. तो विचार आजही बरोबर आहे असे मला वाटते. पण अण्णांना ऊस सोडा म्हणण्याची हिंमत मला होत नाही, कारण ऊस गेला की त्याच रकमेचे, हमखास खरेदी होणारे दुसरे पीक मी त्यांना दाखवू शकत नाही. मंगळवेढ्याची ज्वारी जगात नावाजली, पण ज्वारीच्या दराने मुलींची लग्ने झाली, असे कोणी सांगत नाही. ठिबक आले, त्याने पाणी वाचले. वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लागला. धरणाचे पाणी आणि शेतमालाचा भाव ही दोन वेगवेगळ्या खात्यांची कामे असतील, पण शेतकऱ्याच्या घरात तो एकच हिशेब असतो.

वरच्या बाजूचा प्रश्न याहून नाजूक आहे. दौंडचा आकडा पावसावर जितका अवलंबून, तितकाच पुणे जिल्ह्यातील धरणांच्या दारांवर. ती भरल्याशिवाय आमच्याकडे पाणी येत नाही, आणि कमी पावसाच्या वर्षी ती जेमतेम भरतात. मुळशी, ठोकरवाडी, शिरवता, वळवण या धरणांचे पाणी तर वीजनिर्मितीसाठी सह्याद्री उतरून कोकणात जाते. मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये जो सत्याग्रह केला, तो जमिनीसाठी होता, पण आज त्या पाण्याच्या दिशेचा प्रश्नही भीमा खोऱ्यात पुन्हा पुन्हा निघतो. पुण्याकडून आमच्याकडे जे हमखास येते, ते सांडपाणी. उन्हाळ्यात जलाशयाचा रंग हिरवा होतो, काठाला उग्र वास येतो आणि तेच पाणी पुढे गाळून, औषध घालून लाखो लोक पितात. २०२१ साली उजनीतून इंदापूरकडे ५ टीएमसी पाणी नेण्याचा आदेश निघाला, तेव्हा येणाऱ्या सांडपाण्यातून हे पाणी देऊ, असे सांगण्यात आले होते. सोलापूर जिल्ह्यात आंदोलन पेटले आणि आदेश मागे घेतला गेला. त्या दिवसांत माझी अवस्था बिकट होती. इंदापूरच्या काठावरही आमच्यासारखेच धरणग्रस्त आहेत, त्यांच्या डोळ्यांसमोरून पाणी जाते, आणि आमच्या गल्लीत त्यांच्याविषयी जे बोलले जात होते, ते मला ऐकवत नव्हते.

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ साली झाला. टंचाईच्या वर्षी नदीखोऱ्यातील वरच्या आणि खालच्या धरणांनी तूट सारखी वाटून घ्यावी, हे तत्त्व त्यात आहे. गोदावरीत त्याचे पुढे कोष्टक झाले: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल, तर नाशिक-नगरच्या धरणांतून किती पाणी सोडायचे, ते पाहता येते. उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये समन्यायी वाटपाच्या बाजूने निकाल दिला, आणि २०२३ मध्ये त्या कोष्टकानुसार ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हा वर विरोध झाला, खाली आंदोलने झाली, तरी भांडायला एक ठरलेला आकडा होता. भीमेच्या खोऱ्यालाही तसेच कोष्टक हवे, आणि त्यात टक्केवारी नको, सरळ टीएमसी हवेत. मृतसाठ्यासह, गाळ वजा जाता. गाळाचे मोजमाप नियमाने करून लोकांसमोर ठेवावे. लाखो माणसे रोज हा आकडा वाचतात. त्यांना खरा आकडा पेलणार नाही, असे समजण्याचे कारण नाही.

पुराचे थोडक्यात सांगतो. उजनीचे ४१ दरवाजे उचलले जातात, त्याच वेळी नीरेवरच्या वीर धरणातूनही पाणी सुटलेले असते. दोन्ही पाणी नीरा नरसिंहपूरच्या संगमावर एकत्र येतात आणि पंढरपुरात व्यासनारायण झोपडपट्टीत शिरतात. कोणत्या धरणाने किती तास आधी किती सोडायचे, हे एका टेबलावर बसून ठरले, तर काठच्या माणसांना भांडी आवरायला एक रात्र अधिक मिळते. भरलेल्या धरणाचे कौतुक करताना ती रात्र हिशेबात धरावी.

२०२४ च्या जुलैच्या अखेरच्या आठवड्यात घाटात पाऊस कोसळला. पुण्यात नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरल्याची दृश्ये दूरदर्शन संचावर दिसत होती आणि सोलापुरातील आमच्या कट्ट्यावर लोक आनंदाने आकडे सांगत होते. एकाच्या घरात शिरलेले पाणी दुसऱ्याच्या घरातील वर्षभराचे पाणी असते, हे त्या दिवशी फार खुपले. दौंडचा विसर्ग वाढत गेला. लाख क्युसेकने चोवीस तास पाणी आले, तर साडेआठ टीएमसीहून अधिक भर पडते, म्हणजे एका दिवसात सोळा टक्के. धरण महिनाअखेरीस वजातून बाहेर आले आणि ऑगस्टच्या पूर्वार्धात शंभरी गाठली.

त्या आठवड्यात एके दिवशी अण्णांचा फोन रोजच्या वेळेआधी, दुपारीच आला. ते सकाळपासून जुन्या गावाच्या वरच्या बांधावर बसून होते. पाणी आधी विहिरीत उतरले, मग आमच्या गल्लीत आले, मग जोत्याला लागले. मे महिन्यात त्यांनी उखळातील गाळ काढून ते स्वच्छ केले होते, आजीने केले होते तसे. "आत्ता भरलं उखळ," ते म्हणाले, "पाणी गढूळ हाय, पर भरलं." मग थोडा वेळ वाऱ्याचाच आवाज येत राहिला. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी विचारले, "आन् दौंडला किती हाय?"